अडते ते सोप्या शब्दांपाशी

संपादक महोदय,

मराठीतून विज्ञान शिकवण्याचा विषय निघाला की ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘तंतुकणिका’, ‘अपस्करण’ असे शब्द काढून दाखवले जातात आणि एवढ्या बोजड शब्दांपुढे मुलांचा काय निभाव लागणार, असे विचारले जाते. सहावी ते आठवीच्या वर्गात प्रत्यक्ष अडते ते दुसरीकडेच. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही, त्यामुळे तो शाळेत जसा भेटतो तसाच डोक्यात बसतो. घोळ होतो काम, शक्ती, वजन, हवा, वाफ, उष्णता या शब्दांचा. हे शब्द मूल बोलायला लागल्यापासून वापरत असते. पुस्तकात तोच शब्द आला की घरचा अर्थ त्याच्यासोबत गुपचूप वर्गात येऊन बसतो. मग व्याख्या तोंडपाठ असते आणि उत्तर चुकते.

‘आज उष्णता फार आहे’ असे आपण सगळेच म्हणतो. म्हणायचे असते ते ‘तापमान जास्त आहे’. या दोन शब्दांतला फरक फळ्यावर व्याख्या लिहून कळत नाही, पाणी मिसळून कळतो. एका भांड्यात २० अंश सेल्सिअसचे ३०० मिलिलिटर पाणी घ्यावे, दुसऱ्यात ६० अंशांचे १०० मिलिलिटर. गरम पाणी थंड पाण्यात ओतण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा. बहुतेक जण ४० लिहितात, म्हणजे दोन आकड्यांची सरासरी. तापमापी दाखवते ३० च्या आसपास. मग तीच दोन तापमाने, पण पाणी दोन्हीकडे २०० मिलिलिटर, असे करून पाहावे. आता ४० च्या जवळचा आकडा येतो. तापमाने बदलली नाहीत, फक्त पाण्याचे प्रमाण बदलले आणि उत्तर बदलले. ते ‘किती पाणी’ ज्यात धरलेले असते ती उष्णता.

हा प्रयोग फसतो तो ठरलेल्या जागी. जाड काचेचे किंवा धातूचे भांडे स्वतःच थोडी उष्णता घेते, म्हणून आकडा हिशेबापेक्षा अंश-दोन अंश कमी येतो. पाणी न ढवळता वाचन घेतले, किंवा तापमापीचा फुगा तळाला टेकला, तर आकड्यावर विसंबता येत नाही. आणि ताप पाहण्याचा घरचा थर्मामीटर इथे अजिबात वापरू नये. त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांची असते, ६० अंशांच्या पाण्यात तो फुटतो. ३० ऐवजी २८ आले तर शिक्षकांनी ते खोडून ३० लिहायला लावू नये. ते दोन अंश कुठे गेले, हा त्या तासातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

मुलांना बोल लावण्यातही अर्थ नाही. अठराव्या शतकापर्यंत विद्वानही या दोन कल्पनांची सरमिसळ करत होते. १७६०च्या दशकात स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी बर्फावर प्रयोग करून त्या वेगळ्या केल्या. वितळत्या बर्फाला उष्णता देत राहिले तरी सगळा बर्फ संपेपर्यंत तापमान शून्यावरच राहते. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. उष्णता भरपूर गेली आणि तापमापी जागची हलली नाही, हे डोळ्यांनी पाहिलेले मूल पुन्हा हे दोन शब्द सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही.

तशीच गोष्ट ‘वाफे’ची. ढग कशाचे बनतात, या प्रश्नाला ‘वाफेचे’ असे उत्तर येते आणि अनेकदा त्याला पूर्ण गुणही मिळतात. उकळत्या किटलीच्या चोचीकडे नीट पाहावे, हात लांब ठेवून. चोचीला लागून एक-दोन सेंटिमीटर काहीच दिसत नाही, पांढरा धूर त्याच्या पुढे सुरू होतो. पाण्याचे बाष्प आहे ते त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत, कारण बाष्प अदृश्य असते. पांढरे दिसते ते थंड होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. ढगही अशाच थेंबांचे असतात, मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढ्या, किंवा मग हिमकणांचे. बोलीत दोन्हींना वाफ म्हणायला हरकत नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र अदृश्य ते ‘बाष्प’ आणि दिसतात ते ‘थेंब’, एवढे पाळले तर सांद्रीभवन, म्हणजे बाष्पाचे पुन्हा पाणी होणे, वेगळे शिकवावे लागत नाही.

बर्फाच्या पेल्याबाहेर जमणारे पाणी आतून झिरपले असे पुष्कळ मुलांना वाटते. पेल्यातल्या पाण्यात शाई मिसळावी, बाहेरचे थेंब बिनरंगीच राहतात. हवा फार कोरडी असेल तर थेंब जमतच नाहीत. तेव्हा हा प्रयोग दमट दिवसासाठी राखून ठेवावा.

‘हवा’ हा तर एकटाच तीन खात्यांचा कारभार पाहतो. फुग्यात भरतो ती हवा, आज ढगाळ आहे तीही हवा आणि एखाद्या ठिकाणची मानवते तीही हवाच. भूगोलाच्या पुस्तकात यातून दोन शब्द वेगळे काढले आहेत. हवा म्हणजे वातावरणाची अल्पकाळची स्थिती, हवामान म्हणजे तिची दीर्घकाळची सरासरी, जी साधारण ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात. वर्गात हे शिकून मूल वर्तमानपत्र उघडते तर तिथे उद्याच्या पावसाला ‘हवामानाचा अंदाज’ म्हटलेले असते आणि शतकभरातल्या तापमानवाढीलाही ‘हवामान बदल’. एका आठवड्याच्या थंडीवरून ‘कसली आली तापमानवाढ’ असे म्हणणाऱ्यांची थोडी तरी सोय आपल्या या शब्दानेच केली आहे. हवामान खात्याचे नाव बदला असे म्हणणे नाही. पण बातमीच्या मजकुरात ‘उद्याची हवा’ आणि ‘दीर्घकालीन हवामान’ असे लिहायला जागाही फारशी जास्त लागत नाही.

‘शक्ती’बाबतही बातम्यांत हेच होते. घरी शक्ती, ताकद, जोर हे सगळे एकच. पदार्थविज्ञानात बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे, ते न्यूटनमध्ये मोजतात. कार्य म्हणजे बलाच्या दिशेने वस्तू सरकली तर होते ते, ज्यूलमध्ये. आणि शक्ती म्हणजे ते कार्य किती झपाट्याने झाले ते, वॅटमध्ये. दहा किलोची पिशवी एक मीटर उचलली तर सुमारे ९८ ज्यूल कार्य झाले. तीच पिशवी धरून दहा मिनिटे नुसते उभे राहिले तर पिशवीवर झालेले कार्य शून्य. हात दुखतो तो स्नायूंच्या आत ऊर्जा खर्च होत राहते म्हणून. मुले इथे हमखास हसतात, आणि त्या हसण्यातच त्यांना शब्द कळलेला असतो. आता ‘या प्रकल्पातून दररोज ५० मेगावॅट वीज तयार होते’ हे वाक्य पाहा. मेगावॅट हा मुळातच झपाटा आहे, त्याला ‘दररोज’ लावणे म्हणजे गाडी ‘दररोज ताशी ५० किलोमीटर’ धावते असे म्हणणे. तयार झालेली वीज सांगायची तर युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, लिहायला हवे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

प्रत्येक ठिकाणी एवढे काटेकोर व्हावे असेही नाही. क्रिकेटच्या बातमीत चेंडूचा ‘वेग’ ताशी १४० किलोमीटर असला तर असू दे. वर्गात त्याला चाल म्हणू, कारण वेगात दिशाही येते. मैदानाला ४०० मीटरची पूर्ण फेरी ८० सेकंदांत मारून सुरुवातीच्याच जागी परतलेल्या धावपटूची सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर असते आणि सरासरी वेग शून्य! वस्तुमान आणि वजन यांचेही असेच. बाजारात किलोला वजन म्हणावे. प्रयोगशाळेत एक किलो वस्तुमानाचे वजन तानकाट्यावर, म्हणजे स्प्रिंगच्या काट्यावर, ९.८ न्यूटन आणि चंद्रावर १.६ न्यूटनच्या आसपास, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

जीवशास्त्रात सर्वांत जास्त नुकसान ‘श्वसन’ करते. नाकाने हवा आत-बाहेर करणे हा श्वासोच्छ्वास. पेशीत, मुख्यतः तिच्यातल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया), ऑक्सिजन वापरून ग्लुकोजमधली ऊर्जा मोकळी होणे हे श्वसन. हा फरक धूसर राहिला की ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे वाक्य जन्माला येते. श्वसन चोवीस तास चालते. ते दाखवायचे तर दोन थर्मास घ्यावेत. एकात भिजवून मोड आलेल्या २०० ग्रॅम बिया, दुसऱ्यात तेवढ्याच बिया उकळून गार केलेल्या. दोन्हींच्या तोंडाशी तापमापी अडकवून कापसाचा बोळा बसवावा, घट्ट झाकण लावू नये, नाहीतर आतला ऑक्सिजन संपतो. दिवसभरात पहिल्या थर्मासचे तापमान काही अंशांनी वर चढलेले दिसते. फसगत होते ती पुढे: उकळलेल्या बिया दोनेक दिवसांत कुजू लागतात आणि मग तोही थर्मास तापतो. तो ताप जीवाणू-बुरशीच्या श्वसनाचा असतो. म्हणून दोन्हीकडच्या बिया आधी सौम्य जंतुनाशकाने धुवाव्यात आणि वाचन पहिल्या २४ तासांत उरकावे. उशीर झालाच तर बिघडले नाही, तेही श्वसनच आहे.

हल्ली एक नवी अडचण आली आहे. मुले घरी हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करतात. लिपी एक, शब्दही ओळखीचे, पण अर्थ निराळे. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान घटक. हिंदीत त्याला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. मराठीत विकिरण म्हणजे प्रकाश कणांवर आदळून विखुरणे, ज्यामुळे आकाश निळे दिसते. हिंदीत विकिरण म्हणजे आपले प्रारण, ज्याने सूर्याची उष्णता इथवर पोचते. वहीत चुकीचा शब्द दिसला तर मूल कदाचित बरोबर शिकले आहे, फक्त दुसऱ्या भाषेत, हे तपासणाऱ्याने लक्षात घ्यावे.

शब्दांची परीक्षा ‘जोड्या लावा’ने घेणे थांबले पाहिजे, त्यातून पाठांतरच कळते. त्याऐवजी शब्दाच्या शेजाऱ्याबद्दल विचारावे. साखर पाण्यात वितळते की विरघळते? डोंगरातला खडक जागच्या जागी फुटला तर ते विदारण, त्याचा चुरा नदीने वाहून नेला तर? बहुतेक खडक खनिजांचे, मग प्रत्येक खनिज खडक का नव्हे? अशा प्रश्नाला ओळ पाठ असून भागत नाही.

राहिला भूकंप, आणि तो थेट आपल्या पहिल्या पानाचा विषय आहे. ‘६.२ रिश्टर स्केल तीव्रतेचा धक्का’ या चार शब्दांत दोन चुका असतात. भूकंपात मोकळ्या झालेल्या ऊर्जेवरून ठरते ती महत्ता (मॅग्निट्यूड), तिचा एका भूकंपाला एकच आकडा. तीव्रता म्हणजे एखाद्या गावी किती हादरे बसले, किती पडझड झाली. ती गावागणिक बदलते आणि मर्काली श्रेणीवर १ ते १२ अशी सांगतात. रिश्टर यांची पद्धत १९३५ची आहे, मोठ्या भूकंपांसाठी आता आघूर्ण महत्ता (मोमेंट मॅग्निट्यूड) वापरतात, आणि ‘रिश्टर स्केल’ हे किलोसारखे एकक तर कधीच नव्हते. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणून ५ आणि ७ यांत हजारपटीचे अंतर आहे. तसेच ‘अपिकेंद्र दहा किलोमीटर खोल’ असू शकत नाही. खोल असते ती नाभी, अपिकेंद्र तिच्या बरोबर वर, जमिनीच्या पृष्ठभागावर असते. पुढच्या बातमीत नुसते ‘महत्ता ६.२, नाभी १० किलोमीटर खोल’ एवढे छापून आले, तरी त्या दिवशीचा अंक आठवीच्या वर्गात वाचून दाखवता येईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका