ईआरपीचा डेमो त्यांच्या डेटावर नको, आपल्या स्टीलच्या बारवर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लघुउद्योगांनी आता डिजिटल व्हायला पाहिजे, ईआरपी (खरेदीपासून डिस्पॅचपर्यंत कारखान्याचा सगळा हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायला पाहिजे असं पेपरात अधूनमधून छापून येतं आणि ते चूक नाही, पण घेताना नक्की काय बघायचं हे कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड आहे पण नावालाच मोठं, माणसं सगळी मिळून ३५, वाहन कंपन्यांना टर्निंगचे, म्हणजे लेथवर केलेले, पार्ट देतो. ईआरपीवर आम्ही दोनदा पैसे घातले. पहिल्यांदाचे साडेचार लाख पाण्यात गेले.

आधी एक गैरसमज. पुष्कळ जणांना वाटतं की ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेलं बिल) काढायला ईआरपी लागतं, आणि सॉफ्टवेअर विकणारेही ही भीती घालतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं हे खरं, पण ते काम टॅलीसारख्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधूनही होतं. नुसती बिलं, जीएसटी आणि ताळेबंद एवढंच हवं असेल तर ईआरपीच्या नादी लागूच नका. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर झालेलं सांगतं, ईआरपीकडून आपल्याला पुढचं हवं असतं, म्हणजे कस्टमरचं शेड्युल आलं तर बार (स्टीलचा गज) किती लागेल, स्टोअरमध्ये किती आहे, हीट ट्रीटमेंटला (पार्ट तापवून कडक करायला बाहेर देतो तिथे) किती अडकलाय आणि शनिवारी गाडी भरेल का. याची सुरुवातच मुळी कारखान्यातल्या मटेरियलच्या हिशोबातून झाली, १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणून, (पाकिटावरची एमआरपी नव्हे), ईआरपी हे नाव १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीने दिलं.

आता आमची चूक सांगतो. पहिला डेमो प्रोजेक्टरवर झाला, एसी ऑफिस, चहा-बिस्किटं, स्क्रीनवर कुठल्यातरी काल्पनिक ट्रेडर्सचा डेटा, माल आला, माल गेला, लगेच रंगीत ग्राफ. मी आणि माझा भाऊ दोघंच बघायला, आणि दोघंही खूश. स्टोअर सांभाळणारे आमचे काका, २२ वर्षं वही लिहितायत, त्यांना बोलवायचं डोक्यातच आलं नाही.

सॉफ्टवेअर बसलं आणि पहिल्याच आठवड्यात गाडी अडली ती बारवर. ३२ एमएमचा ईएन एट (स्टीलचा एक ग्रेड) राउंड बार आम्ही किलोवर घेतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे गणित आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे, मीटरला ६.३२ किलो, म्हणजे ६ मीटरचा बार साधारण ३८ किलो. त्यातून पार्टिंग (कापताना वाया जाणारा भाग) धरून १०३ एमएमचे ५८ पीस निघतात आणि शेवटी २६ एमएमचा तुकडा उरतो. म्हणजे आत आला किलोत, कापला नगात, स्क्रॅप परत किलोत, हीट ट्रीटमेंटला पाठवतो नगात आणि त्यांचं बिल येतं किलोवर. त्या सॉफ्टवेअरमध्ये एका आयटमला एकच युनिट! काका पंधरा दिवसांत वहीवर परत आले आणि संध्याकाळी बसून कॉम्प्युटरला जुळेल असे आकडे भरायला लागले. विचारलं तर म्हणाले, "शेठ, वहीत खाडाखोड चालते, याच्यात खोटं लिहावं लागतं."

जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाचं, तर विचारूच नका. बाहेर गेलेल्या मालाच्या चलानाला आमच्याकडे अजून ५७ एफ ४ म्हणतात, एक्साइजच्या जमान्यातलं नाव, कायदा गेला तरी नाव राहिलं. जीएसटीत तो माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात, शिवाय आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा फॉर्म भरावा लागतो. कुठल्या चलानातले किती पीस कुठल्या गाडीने परत आले हे सॉफ्टवेअरला कळत नसेल तर आपल्यासारख्या शॉपला त्याचा काडीचा उपयोग नाही, ग्राफ कितीही रंगीत असू देत.

सॉफ्टवेअरच्या वेंडरला विचारलं की "कस्टमाइज करू सर". हे वाक्य ऐकलं की खिसा घट्ट धरा, कारण प्रत्येक बदलाचं बिल वेगळं आणि पुढच्या व्हर्जनला तो बदल टिकेल याची गॅरंटी नाही. जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट कंपनीने एसएपी या ईआरपीचं काम सात वर्षं करून २०१८ मध्ये सोडून दिलं, सुमारे ५० कोटी युरो घालून, आणि त्यातलं एक मोठं भांडण एवढंच होतं की ते स्टॉक खरेदीच्या किमतीवर धरायचे आणि सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीवर. ही बातमी मी पैसे घालून बसल्यावर वाचली. पण सगळा दोष वेंडरला देणं बरोबर नाही, आमच्याच घरात त्या एका बारला तीन नावं होती, खरेदीत एक, स्टोअरमध्ये एक, टॅलीत तिसरंच. ती यादी साफ करायला दोन महिने गेले आणि ते काम बाहेरचा कुणी करून देत नाही.

दुसऱ्या वेळी डेमो बघायचाच नाही असं ठरवलं. एका कागदावर आमचाच एक जॉब लिहिला आणि तिघा वेंडरना तोच दिला. १० बार आले, ५८० पीस कापले, टर्निंगला १२ रिजेक्ट, ५६८ हीट ट्रीटमेंटला गेले, परत येताना एका चलानाने ३०० आणि दुसऱ्याने २६५, तीन गायब, कस्टमरला ५०० पाठवले, आता सांगा ६५ कुठे आहेत आणि ३ चा जाब कुणाला विचारायचा. अट एकच, कीबोर्डवर काका बसणार, तुमचा माणूस फक्त तोंडाने सांगणार. एकाने पाचव्या मिनिटाला "हे कस्टमाइज करू" सुरू केलं, दुसरा किलो-नगापर्यंत पोचला आणि जॉबवर्कला अडकला, तिसऱ्याचं दीड तासात झालं, काकांनी दोनदा चुकवूनसुद्धा. तेच घेतलं. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात होईल, आणि ते सगळ्यांना बसेलच असंही नाही. अकाउंट्स अजून टॅलीतच आहेत, तिथे हात लावला नाही.

पैशाचं बोलताना लायसन्सच्या किमतीवर घासाघीस करत बसू नका, खरा खर्च बसवणं, शिकवणं आणि दरवर्षीचा एएमसी (देखभालीचा करार) यात असतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, लायसन्सला पैसे नाहीत, पण सर्व्हर आणि बसवून देणारा माणूस फुकट येत नाही. युजर किती हेही नीट मोजा. आम्ही पहिल्यांदा पैसे वाचवायला ५ लॉगिन घेतले आणि तेच १२ जण मिळून वापरायला लागले. आता १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची नोंद, म्हणजे एडिट लॉग, चालू ठेवावाच लागतो, तेव्हा स्टोअरमधला प्रत्येक बदल ‘स्टोअर१’ने केला असं त्यात दिसत असेल तर तो लॉग कशाला ठेवायचा? आणि सोडून जायचं झालं तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल हे सही करायच्या आधी लिहून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.

अजून एक, चालू कधी करायचं. हर्शीज चॉकलेटवाल्यांनी १९९९ च्या जुलैत, म्हणजे हॅलोवीन या तिथल्या चॉकलेट-गोळ्या वाटायच्या सणाच्या ऑर्डरी तोंडावर असताना, नवीन सिस्टिम चालू केली आणि माल गोडाऊनमध्ये असूनही दुकानात पोचवता येईना, सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी हुकल्या. आम्ही तेच मार्चमध्ये केलं होतं, डिस्पॅचची सगळ्यात जास्त मारामारी तेव्हाच असते. दुसऱ्यांदा जूनमध्ये केलं, महिनाभर वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवलं, दर शनिवारी काका रॅकवरचे पीस मोजायचे.

माझी एवढीच विनंती आहे की उद्योजकांच्या संघटना ईआरपीवर जे सेमिनार घेतात, तिथे वेंडरना भाषण करायला लावण्यापेक्षा सगळ्यांना एकच जॉब द्यावा आणि समोर एखाद्या कारखान्याचा स्टोअरकीपर बसवावा. काका यायला तयार आहेत, आणि त्या बारचा २६ एमएमचा तुकडा माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे, तो घेऊन मीही येतो.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे