रात्री तीनची साखर

ठाणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही "मी ठणठणीत आहे" म्हणून फोन आईच्या हातात देता, आणि आई, बाबा शेजारी बसलेले असले की तू मोकळेपणाने काही सांगत नाहीस. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा, घाई करू नका.

बाबा, माझं मुख्य म्हणणं एकच आहे. सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली यावी म्हणून रात्रीचं जेवण कमी करणं थांबवा.

तुमची साखरेची वही मी दिवाळीत चाळली. अक्षर अजूनही तसंच सुरेख आहे. पण पानामागून पान फक्त सकाळचे आकडे: 154, 168, 171. एकशे साठच्या वर गेलेल्या आकड्यांना लाल पेनाने गोल. आणि आईकडून कळलं की ज्या दिवशी असा गोल पडतो, त्या रात्री तुम्ही शाळूची अर्धीच भाकरी घेता, नाहीतर मुगाच्या कढणावर भागवता. इंजेक्शन मात्र नेहमीच्याच मापाचं, गोळीही तीच. औषध पूर्ण आणि अन्न अर्धं. मग ते औषध रात्रभर कशावर काम करणार?

तुमचं रात्रीचं इंजेक्शन 30/70 इन्सुलिनचं आहे. त्यातला तीस टक्के भाग जेवणासाठी, लवकर काम करणारा. उरलेला सत्तर टक्के सावकाश चढतो आणि टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. रात्री आठला घेतलंत तर हा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असताना. त्यात ग्लिमेपिराइडची गोळी, जी साखर किती आहे हे न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आणि तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, गेल्या वर्षापासून थोडं वाढलेलं आहे. मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन आणि ही गोळी दोन्ही शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. जो डोस पंचावन्नाव्या वर्षी बरोबर बसत होता, तोच आता बहात्तराव्या वर्षी जड होऊ शकतो.

आई, आता तुझ्यासाठी. तू मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलंस की बाबांची बनियन पहाटे पिळून काढावी इतकी ओली असते, उशीचा अभ्रासुद्धा दमट लागतो, आणि तेही पंखा बंद असताना, कडाक्याच्या थंडीत. झोपेत काहीतरी बडबडतात, सकाळी डोकं जड असतं, चहा होईपर्यंत कुणाशी धड बोलत नाहीत. बाबा म्हणतात पित्त झालंय. पण असा घाम, वाईट स्वप्नं, सकाळची डोकेदुखी आणि चिडचिड ही रात्री साखर खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. साखर 70 च्या खाली गेली की ती कमी धरतात, 54 च्या खाली गेली की गंभीर. जागेपणी हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक लागते, आपल्याला कळतं. झोपेत शरीराची ही धोक्याची घंटा फार क्षीण वाजते, माणूस जागाच होत नाही. मधुमेह वीसेक वर्षांचा असला की जागेपणीही ती नीट ऐकू येईलच असं नाही. शिवाय बाबांना हृदयासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, ते थरथर आणि धडधड दाबतं. घाम मात्र त्याने दबत नाही. म्हणून तुझ्या हाताला लागलेला तो ओलावा महत्त्वाचा आहे, आई. तो डॉक्टरांना सांगायलाच हवा, बाबा नको म्हणाले तरी.

मग सकाळी साखर जास्त का येते, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन सोडून ती सांभाळून घेतं, मधुमेहात ते जमत नाही. रात्री काहीही न खाता सकाळी आकडा वर, हे त्यामुळेच. भाकरी अर्धी केल्याने यकृत थांबत नाही.

बागेतल्या कट्ट्यावर तुम्हाला कुणी सांगितलं ना, की रात्री साखर फार उतरली की सकाळी उसळी मारते? ही कल्पना मायकेल सोमोजी नावाच्या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात मांडली होती. पुढे दंडाला लावायचे सेन्सर आले, रात्रभराच्या नोंदी मिळू लागल्या, तेव्हा असं नेहमी घडतं याला फारसा आधार मिळाला नाही. बहुतेक वेळा रात्री साखर उतरली तर सकाळीही ती कमीच असते. म्हणून सकाळच्या एका आकड्यावरून रात्रीचा अंदाज बांधू नका, कुठल्याच बाजूने.

त्यापेक्षा मोजा. बाबा, तुम्ही लघवीसाठी तीनच्या सुमाराला उठताच. ग्लुकोमीटर कपाटातून काढून उशाशी ठेवा आणि काही रात्री त्या वेळी बोट टोचून आकडा लिहा. झोपतानाचा आणि सकाळचा आकडाही त्याच ओळीत. तीनला साखर कमी असेल तर औषध जास्त होतंय किंवा जेवण कमी पडतंय. तीनला ठीक आणि सहाला वाढलेली असेल तर ती पहाटेची वाढ. झोपतानापासून सकाळपर्यंत वरच असेल तर जेवण किंवा डोस पाहावा लागेल. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत, काही तर एकमेकांच्या उलट, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. आपल्या मनाने इंजेक्शनची एक-दोन युनिटंही कमीजास्त करू नका.

आणि 168 ला इतकं घाबरू नका. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात, सोबत बरेच जुने आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8 च्या खाली, उपाशीपोटी 90 ते 150 आणि झोपताना 100 ते 180 इतकी सैल मर्यादा सांगितली आहे. तरुणांसारखं काटेकोर नियंत्रण या वयात धोक्याचं ठरतं, म्हणूनच ती सैल आहे. 168 थोडी जास्त आहे, ती बघू. पण पहाटे 50 झालेली साखर, अंधारातून संडासापर्यंतची वाट आणि ओली फरशी, यातून खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळंच बदलतं. मला भीती त्याची वाटते. पॅसेजमध्ये रात्रभर एक दिवा चालू राहू द्या, बिल मी भरते.

संकष्टीचं मुद्दाम लिहिते. चंद्रोदय साडेनऊला आणि इंजेक्शन नेहमीप्रमाणे आठला, असं मी स्वतः पाहिलं. दिवसभर साबुदाणा, रताळं थोडंसं, वर इंजेक्शन, आणि पान वाढायला दीड तास. ती रात्र सगळ्यात धोक्याची. तुमची श्रद्धा मी जाणते, बाबा, तुम्ही आजोबांपासून चालत आलेलं धरून आहात. पण उपास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळी आणि इंजेक्शन किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना आधी विचारा. आणि रोजचं म्हणाल तर, आई, स्वयंपाक तयार असेल तरच यांना इंजेक्शन घेऊ दे. घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायला बसायचं, मग बातम्या असोत की कुणाचा फोन.

साखर कमी सापडलीच तर काय करायचं, हे फ्रिजवर लिहून चिकटव. पेढा नको, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर सावकाश चढते. बाबांच्या एकत्र गोळीत ग्लिमेपिराइडसोबत व्होग्लिबोजही आहे, त्यामुळे साध्या साखरेचं आणि गुळाचं पचनही मंदावतं. मेडिकलमधून साधी ग्लुकोज पावडर आणून ठेव. तीन चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, अर्धा कप पाण्यात. 15 मिनिटं थांबून पुन्हा मोज, 70 च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की थोडी पोळी-दूध दे, नाहीतर ती परत उतरते. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवायचंच. आणि बाबा हाकेला ओ देत नसतील, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नकोस, घुसमटतील. कुशीवर वळव आणि 108 ला फोन कर. मला नंतर.

रात्री चार-चारदा लघवीला होण्याचं कारण वेगळं असू शकतं. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीवाटे जाऊ लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. प्रोस्टेटही असू शकतो, बीपीची गोळीही. संध्याकाळपासून पाणी बंद करणं हा उपाय नाही, तपासून घ्या.

घोरण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आई म्हणते की घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, मग दचकून मोठा श्वास घेतात. दुपारी पेपर हातात धरूनच डोळा लागतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, टाइप टूच्या मधुमेहात तो पुष्कळांना असतो आणि बरेचदा कळतच नाही. श्वास अडला की शरीर दर वेळी ताणाखाली येतं, त्याने साखर आणि बीपी दोन्ही वाढतं. झोपेची तपासणी आता घरीही करता येते.

आई, तू हल्ली रात्री दोनदोनदा उठून बाबांच्या कपाळाला हात लावून बघतेस, हे मला माहीत आहे. तुझं एचबीएवनसी 6.1 आहे, म्हणजे तूही काठावर आहेस. 1999 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी 11 निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर तेवढ्यात त्यांची साखर पचवण्याची ताकद घटलेली दिसली. तुझी झोप अशी मोडत राहणं मला परवडणारं नाही. म्हणून मी सेन्सर पाठवते आहे. दंडावर चिकटवायचा, साधारण दोन आठवडे चालतो, साखर उतरली की मोबाईल वाजतो, माझाही वाजेल. बाबा डाव्या कुशीवर झोपतात, म्हणून उजव्या दंडावर लावा. अंगाखाली दबला की तो खोटाच कमी आकडा दाखवतो. शंका आली की बोट टोचून खात्री करायची.

गुरुवारी डॉक्टरांकडे जाताना वही न्या, आणि आई, तू आत जा, बाहेर बाकावर बसू नकोस. घामाचं, घोरण्याचं आणि संकष्टीचं तूच सांग. डोस कमी करायला सांगितला तर बाबा, वाद घालू नका. संध्याकाळी मी फोन करते.

तुमची,
मनू

ता. क. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख बघा. मागच्या वेळी कपाटात दिसलेली डबी संपत आलेल्या मुदतीची होती आणि झाकणही सैल होतं. दमट झालेल्या स्ट्रिपा आकडा चुकवतात. नवीन डबी सेन्सरबरोबरच पाठवते.