पाडू नका, वापरात आणा

मा. संपादक,

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या सार्वजनिक इमारतींचा विषय निघाला की लगेच पाडा, बिल्डरला द्या, मजले चढवा एवढंच ऐकू येतं. अहो पण १८८६ सालची मंडईची दगडी इमारत आजही भाजीबाजार म्हणूनच चालू आहे ना, रोजचा वापर आहे म्हणून तर ती टिकलीय. उलट जिथं कुलूप लागतं तिथं कौलं सरकतात, पाणी आत येतं, तुळयांना वाळवी लागते आणि मग धोकादायक म्हणून बोर्ड लागतो. डागडुजी केलीच तर चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापतात, ओल आतच अडकते आणि विटांचे पापुद्रे सुटायला लागतात, बघून जीव तुटतो हो. चुन्याचं काम येणारे गवंडी बोलवा ना! आणि जुनी माणसं कोथरूड, सिंहगड रोडला गेली म्हणून इथली गरज संपली असं थोडंच आहे, सदाशिव पेठेत एमपीएससीची पोरं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहतात आणि अभ्यासिकेतल्या एका खुर्चीसाठी दरमहा पैसे मोजतात. रिकाम्या सरकारी इमारतींत त्यांच्यासाठी स्वस्त अभ्यासिका काढा, तळमजल्यावर बचत गटांना गाळे द्या. आता तर मेट्रो थेट मंडईत येते, लोक नक्की येतील.

एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे