आई-बाबांना पत्र: ब्रेकचं काम सुरू करण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलची फाइल पेनड्राइव्हवर घालून या पत्रासोबत पाठवते आहे. बाबा, पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचं तुम्ही ठरवलंय आणि तुमचा हात चांगला आहे, हे मला माहीत आहे. तरी एक ऐका. पाना हातात घेण्याआधी त्या कामाची सगळी पानं शेवटपर्यंत वाचून काढा, आणि जिथे आकडा दिलाय तिथे अंदाज चालवू नका. ब्रेकचं काम आहे, म्हणून एवढं हक्कानं सांगते.

सगळ्यात आधी मॅन्युअल आपल्याच गाडीचं आहे ना, ते ताडून पाहा. नाव तेच असलं तरी मधल्या वर्षांत कंपनीनं डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि कॅलिपर (तिच्यावर पॅड दाबणारा भाग) बदललेले असू शकतात. चासी नंबर आणि इंजिनावर ठोकलेला कोड कागदावर उतरवून घ्या आणि सुरुवातीच्या पानांवरच्या तक्त्याशी जुळवा. १७ अक्षरी चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. तसं काही दिसलं तर ते १ किंवा ० असतं. पेनड्राइव्हवर दोन पुस्तकं आहेत, मूळ मॅन्युअल आणि नंतरची पुरवणी. पुरवणीत फक्त बदललेल्या गोष्टी असतात. म्हणून आधी पुरवणी बघायची, तिथे तो भाग नसेल तर मूळ पुस्तक.

आई, वाचायचं काम तुझं. पानं स्कॅन केलेली आहेत, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ती नुसती चित्रं. त्यामुळे शब्द शोधायला टाकलास आणि काही सापडलं नाही, तर तो पुस्तकात नाहीच असं समजू नकोस. अनुक्रमणिकेवरून ब्रेकच्या विभागात जा. छापील पानांचे नंबर विभागवार असतात, बीआर-१८ असे, आणि स्क्रीनवर दिसणारा नंबर वेगळाच असतो. वहीत दोन्ही लिहून ठेव. लागणारी पानं छापून घेतलीस तर उत्तम. तेलकट हातांना कागद बरा पडतो, आणि झालेल्या पायरीवर पेन्सिलीनं खूण करता येते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. स्कॅनमध्ये दशांश चिन्हाचा ठिपका उडून जातो. बोल्ट किती आवळायचा ते जुन्या मॅन्युअलमध्ये बहुतेक दोन-तीन एककांत दिलेलं असतं: किलोग्रॅम-मीटर, न्यूटन-मीटर, फूट-पाउंड. समजा, ३.५ किलोग्रॅम-मीटर लिहिलंय. त्याला ९.८ नं गुणलं की साधारण ३४ न्यूटन-मीटर येतात, आणि तोच आकडा शेजारी छापलेला असायला हवा. ठिपका उडाला तर ३५ आणि ३४ असे जवळजवळ सारखे आकडे शेजारीशेजारी दिसतील. असं दिसलं की थांबायचं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानं बोल्ट आवळायचा पाना, चुकून दसपट आकड्यावर लावलं तर आटे मरतात, नाहीतर बोल्ट तुटून आत अडकतो. आई, प्रत्येक बोल्टचे आकडे तू गुणून पाहा आणि मगच बाबांना सांग.

दुसरी फसवी जागा म्हणजे ‘काढलेल्या क्रमाच्या उलट क्रमानं बसवा’ ही ओळ. ती वाचून काम सोपं वाटतं. पण कुठला भाग पुन्हा वापरायचा नाही, ग्रीस कुठे लावायचं, कुठला बोल्ट किती आवळायचा, हे सगळं सुट्या भागांच्या मोठ्या चित्रात असतं. बसवताना ते चित्र समोर हवंच. आणखी एक: पुस्तक लिहिणाऱ्यानं गाडी नवीकोरी धरलेली असते, गंजाचा विचार त्यात नसतो. आदल्या संध्याकाळी बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी तारेच्या ब्रशनं घासून घ्या. तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर मात्र उडू देऊ नका. बसवताना आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. आट्यांना तेल लागलेलं असेल तर घर्षण कमी होतं, आणि रेंच तोच आकडा दाखवत असतानाही बोल्ट जास्त ताणला जातो.

प्रत्यक्ष कामात चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा आणि लगेच स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम अजिबात नाही, पाच मिनिटांचं असलं तरी नाही. कॅलिपर सोडवलात की तारेनं वर टांगा. रबरी पाइपवर लोंबकळला तर पाइप आतून फाटू शकतो. ब्रेकच्या धुळीवर फुंकर मारू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅड पुढे ढकलणारा दट्ट्या, मागे ढकलताना जुना पॅड मध्ये धरून क्लॅम्प हळूहळू आवळा. त्या वेळी आई बोनेटपाशी उभी राहील, कारण डब्यातलं ब्रेक ऑइल वर चढतं. मधे कधी वरून भर घातली असेल तर ते ओसंडतं आणि बॉडीचा रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. भर घालायची वेळ आलीच तर झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल, आणि तेही सीलबंद बाटलीतलं. उघडी पडलेली बाटली हवेतला ओलावा शोषते, मग ते कमी तापमानाला उकळतं आणि पेडल मऊ होतं.

पॅड काढलेतच आहेत तर डिस्कची जाडी मोजा. कमीत कमी जाडी मॅन्युअलमध्ये असते, पुष्कळदा डिस्कवरही कोरलेली असते. व्हर्नियर कडेला लावलं तर न झिजलेली गंजकी कड पकडून जास्त जाडी दाखवतं. मायक्रोमीटर वापरा, आणि कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, चार-पाच ठिकाणी मोजा. सगळ्यात लहान आकडा धरायचा. तो मर्यादेखाली असेल तर नवे पॅड बसवून उपयोग नाही, दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्या लागतील.

कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन अडकते. पिन अडकली की एकच पॅड झिजतो, म्हणून जुने पॅड फेकण्याआधी शेजारी ठेवून बघा. दोघांच्या जाडीत ठळक फरक असेल तर मला फोटो पाठवा.

सगळं बसल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला ते तळाला जाणार, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यानंतर डब्यातली पातळी बघा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं, गाडी जमिनीवर आल्यावर रेंचनं आवळा.

बाबा, बसायला बुटका स्टूल घ्या, गुडघ्यांवर बसून काम करू नका. एका दिवशी एकच बाजू केलीत तरी चालेल, फक्त दोन्ही बाजू झाल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, वायरिंगचं पान उघडलंस तर रंगांच्या खुणांचा तक्ता आधी बघ. जपानी मॅन्युअलमध्ये एल म्हणजे निळा आणि बी म्हणजे काळा असतो. दोन रंग लिहिलेले असतील तर पहिला वायरीचा, दुसरा तिच्यावरच्या पट्ट्याचा.