आधी शक आणि तिथी छापा, इसवी सन त्यानंतर

संपादक महोदय,

कार्तिक लागला की गोव्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर देवस्थानांच्या स्मरणिका, वृत्तपत्रांच्या पुरवण्या, देवळांच्या आवारातले नवे माहितीफलकही येतात. त्यांत कदंब, शिलाहार, चालुक्य यांच्या ताम्रपटांचे नि शिलालेखांचे हवाले असतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बहुतेक ठिकाणी साल छापलेले असते ते फक्त इसवी सनाचे. मूळ लेखात शक कोणता, संवत्सर (साठ नावांच्या चक्रातले वर्षाचे नाव) कोणते, महिना, पक्ष आणि तिथी काय, वार दिला आहे का, हे सगळे गाळलेले असते. मग तो आकडा बरोबर की चूक हे तपासायचे तरी कशावरून? यासाठी विनंती आहे की मूळ मिती जशीच्या तशी छापावी आणि रूपांतर तिच्या शेजारी द्यावे.

त्या काळच्या लेखकांनी मिती एका आकड्यावर सोडलेली नाही. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुती देवळावरील रविकीर्तीचा लेख पाहा. भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षे गेली आणि शक राजांची ५५६ वर्षे गेली, असे दोन्ही हिशेब त्याने श्लोकात दिले आहेत. युद्धापासूनची ही गणना, म्हणजेच कलियुगाची, शकाच्या ३१७९ वर्षे आधी सुरू होते; ३७३५ मधून ३१७९ वजा केले की ५५६ उरतात. एक आकडा वाचताना चुकला तर दुसरा लगेच सांगतो. शिवाय वर्षे ‘गेली’ असे त्याने स्पष्ट म्हटले आहे, आणि या एका शब्दावर वर्षभराचा फरक ठरतो. गत म्हणजे पूर्ण झालेली वर्षे मोजलेली, चालू म्हणजे सुरू असलेले वर्ष धरलेले. गत शक ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५. चालू शक ५५६ असता, तर ६३३-३४.

आता आपल्या जवळचे उदाहरण. रेवतीद्वीपाहून, म्हणजे आजच्या रेडीहून, सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मन याने दिलेला ताम्रपट ‘गोवा ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. त्यावर शक ५३२ आणि माघ पौर्णिमा आहे. ५३२ मध्ये ७८ मिळवून ६१० लिहून मोकळे होणारे बरेच. पण शक वर्ष चैत्रात सुरू होते आणि माघ येतो वर्षाच्या शेवटी, तोवर इसवी सन पालटलेला असतो. गत वर्ष धरले तर ही पौर्णिमा जानेवारी ६११ मधली. चालू वर्ष धरले तरच ती जानेवारी ६१० मध्ये येते. म्हणजे ‘६१०’ छापणाऱ्याने वर्ष चालू धरले, की नुसती बेरीज केली, हे वाचकाला कळतच नाही. मूळ मिती शेजारी असती तर कळले असते. नियम सोपा आहे: चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९.

‘उत्तरायण संक्रांती’ला दिलेल्या दानाच्या बाबतीत उलटी चूक होते. संक्रांत म्हणजे १४ जानेवारी हे आज आपल्या अंगवळणी पडले आहे, म्हणून ७९ मिळवले जातात. पण अकराव्या-बाराव्या शतकात मकर संक्रांत २४-२५ डिसेंबरच्या सुमारास येत असे, कारण आपले निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले) सौर वर्ष तेव्हा युरोपात चालणाऱ्या ज्युलियन वर्षापेक्षा किंचित मोठे आहे. तिथे ७८च मिळवायचे.

गत की चालू, हा वाद मिटवायला संवत्सराचे नाव फार उपयोगी पडते. पणजी ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा कदंब राजा पहिला जयकेशी याच्या काळातला लेख शक ९८१, विकारी संवत्सर असा आहे. ९८१ मध्ये १२ मिळवले की ९९३. त्याला ६०ने भागून बाकी ३३. प्रभव या पहिल्या संवत्सरापासून तेहतिसावे विकारीच. शक चालू असता तर गत वर्ष ९८० धरावे लागले असते, बाकी ३२ आली असती आणि नाव विलंबी निघाले असते. म्हणून शक गत, आणि साल इ. स. १०५९-६०. बाकी शून्य आली तर साठावे, क्षय. मात्र ही रीत सरसकट मागे नेऊ नये. दहाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दक्षिणेतही संवत्सर गुरूच्या गतीवरून धरत, आणि सुमारे ८५ वर्षांनी एक संवत्सर गाळले जाई. तो लोप पुढे थांबला. आधीच्या लेखाला बारा मिळवण्याची रीत लावली, तर चांगल्या ताम्रपटावरही बनावटपणाचा शिक्का बसेल.

गोव्याच्या कदंबांचे वैशिष्ट्य असे की शिवचित्त पेर्माडीच्या काळापासून त्यांच्या लेखांत कलियुगाची वर्षे येतात. हळशीच्या लेखात कलि ४२७०, विरोधी संवत्सर, राज्याचे तेविसावे वर्ष अशी मिती आहे. ४२७० मधून ३१७९ गेले, शक १०९१ आला. १२ मिळवून ६०ने भागले, बाकी २३, म्हणजे विरोधी. जुळले. इसवी सनासाठी ४२७० मधून ३१०१ वजा करायचे, येतात ११६९. कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ हे पाठ असल्यामुळे पुष्कळ लेखांत ३१०२च वजा केलेले दिसतात आणि साल एकाने मागे सरकते. कारण असे की डायोनिसियस या ख्रिस्ती भिक्षूने ५२५ साली मांडलेल्या आणि बीड या इंग्रज भिक्षूने आठव्या शतकात रूढ केलेल्या इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्षच नाही. इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येते.

आकडा शब्दांत असेल तर आणखी एक ठेच लागते. शशी म्हणजे १, वसू म्हणजे ८, नंद म्हणजे ९. ‘शशि-वसु-नंद’ असे लिहिलेले असेल तर ते १८९ नव्हे, ९८१. शब्दांत दिलेले अंक एककापासून सुरू होतात, ‘अंकानां वामतो गतिः’. ज्याला ही परंपरा ठाऊक नाही त्याच्या हातून कित्येक शतकांची चूक होऊ शकते.

खरी कसोटी वाराची. गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या एरण (मध्य प्रदेश) स्तंभलेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार अशी मिती आहे. भारतीय कोरीव लेखांत वाराचा हा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. गणित केले की २१ जून ४८४ येतो आणि त्या दिवशी गुरुवारच होता. तिथी नि वार दोन्ही योगायोगाने जुळण्याची शक्यता फार कमी, म्हणून अशी मिती पक्की मानतात. वार जुळला नाही तर लगेच लेख खोटा म्हणू नये. तिथी सूर्योदयाची धरायची की दानाच्या क्षणाची, महिना अधिक होता का, कृष्णपक्षाचा महिना अमान्त (अमावास्येला महिना संपवणाऱ्या) गणनेने लिहिला आहे की पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपवणाऱ्या), हे आधी पाहावे. ग्रहणाचेही तसेच आहे. करणग्रंथावरून, म्हणजे पंचांग-गणिताच्या पुस्तकावरून, काढलेले ग्रहण ताम्रपटात येते, पण ते इथून दिसलेच असेल असे नाही.

शेवटी संगणकाविषयी. तारखा काढून देणारी काही साधने १५८२ पूर्वीच्या तारखाही ग्रेगोरियन पद्धतीने देतात, तर इतिहासाच्या पुस्तकांत त्या ज्युलियन असतात. इ. स. ६११ मध्ये हा फरक ३ दिवसांचा, ११६९ मध्ये ७ दिवसांचा. वार तोच राहतो, तारीख सरकते. दोन लेखांत दोन तारखा दिसतात आणि वाचक समजतो की अभ्यासकांतच एकमत नाही.

आपल्या पुरवणीत जागा कमी असते, हे आम्ही जाणतो. पण ‘कलि ४२७०, विरोधी संवत्सर (इ. स. ११६९)’ एवढ्याला अर्धी ओळही लागत नाही. फलक करणाऱ्या देवस्थान समित्यांनीही दगडावर कोरण्याआधी एवढे पाहून घ्यावे, कारण स्मरणिका पुढच्या वर्षी सुधारता येते, दगड सुधारता येत नाही. जिथे गत की चालू हे ठरत नाही, तिथे ‘६१० किंवा ६११’ असेच छापावे.

– कोरीव लेखांचे काही अभ्यासक, फोंडा