चिन्मयची सीईटी आणि बाबांचं वाचनालय

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

चिन्मय बारावीला तुमच्याकडे आहे, म्हणून लगेच महिन्याचे पैसे भरून त्याला अभ्यासिकेत बसवू नका. तिथे खुर्ची, पंखा आणि वाय-फाय मिळतं. पुस्तकं ज्याची त्यानं न्यायची. बाबा, तुम्ही वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जाताच, तर तिथल्या संदर्भ विभागात सीईटीचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचे, जुने पेपर आहेत का, विचारा. संदर्भाची पुस्तकं घरी देत नाहीत, त्यामुळे त्याला तिथेच बसावं लागेल. बरंच आहे.

तुमचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, याचा तुम्हाला कोण अभिमान! चिन्मयच्या पुस्तकांना मात्र जुनेपणा चालणार नाही. बालभारतीची अकरावीची पुस्तकं २०१९ मध्ये बदलली, बारावीची २०२० मध्ये. कव्हर कितीही करकरीत दिसो, आत छापलेलं आवृत्तीचं साल बघूनच गाईड घ्यायचं. आणि अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न त्यातले असतात.

जुन्या पेपरांचं दुखणं वेगळंच. आधीच्या मुलांनी पर्यायांवर पेन्सिलीनं टिका मारलेल्या असतात, त्यातल्या कितीतरी चुकीच्या. टिक दिसली की डोकं थांबलंच. ग्रंथपालांना विचारून त्या खोडा, मग झेरॉक्स काढा. खोडायचं काम तुम्हीच करा, त्याच्याकडे दिलंत तर खोडताखोडता उत्तरं पाठ होतील!

रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर. आधी फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. केमिस्ट्री भराभर उरकली तरच फिजिक्सच्या गणितांना वेळ उरतो. मग गणिताचे ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण. पहिल्या भागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही, तेव्हा घरच्या सरावातही जाऊ देऊ नका. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा नको. रविवारी वाचनालय बंद असेल तर दुसरा वार धरा, पण घरी नको. घरी सलग तीन तास मिळत नाहीत. आई, तू दीड तासानं थालीपीठ घेऊन जाशीलच.

चिन्मयचा प्रवेशासाठीचा डोमिसाइलचा (रहिवासाचा) दाखला अजून काढलेला नाही. मे-जूनमध्ये सगळं पुणं त्याच रांगेत असतं. दादाला याच महिन्यात अर्ज करायला लावा.

तुमची,
मनू