‘काळी पेटी, गरम’: बर्डीतल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

त्या दिवशी नागपूरच्या बर्डीतल्या दुकानात माझा गेमिंगचा कॉम्प्युटर दुरुस्त करून तुम्ही फाडलेल्या पावतीवर माझं नाव नाही. ‘काळी पेटी, गरम’ एवढंच लिहिलेलं आहे. पावती अजून माझ्या पाकिटात आहे. पैसे विचारले तर तुम्ही उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचे आणि पॅडचे घेतले, अख्ख्या दुपारचे नाही. धन्यवाद म्हणायला लागलो तर ‘चाल, मागे गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणून हाकललंत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही मोबाइलवर वाचत नाही हे माहीत आहे, पण तुमचा भाचा वाचून दाखवेल. त्याला अजिबात राहवणार नाही.

आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं वेड. १७ सप्टेंबर २०२० ला ते बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत किंमत ६९९ डॉलर होती. ती नावालाच, कारण त्या भावात ते हाती लागणं म्हणजे लॉटरी. पुढे मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डं राबवून क्रिप्टो चलन कमावणाऱ्यांनी, मिळतील तितकी उचलली. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात आली. माझं त्यातलंच असणार. विकणारा म्हणाला होता, ‘फक्त गेमिंग केलंय, तेही रविवारी.’ मीही मान डोलावली. मे २०२४ मध्ये, पहिल्या नोकरीतून साठवलेले २९,००० रुपये मोजले आणि कार्ड घरी आणलं.

पहिली वीस मिनिटं सायबरपंक हा गेम लोण्यासारखा चालायचा. मग गाडी वळवली की चित्र अडकायचं, सुटायचं, परत अडकायचं. पंखे असे ओरडायचे की आई स्वयंपाकघरातून विचारायची, कूलरचा पंप कोरडा चालतोय का. बाबांनी एका वाक्यात निकाल दिला: ‘एकोणतीस हजारांचा हीटर आणला, तोही मे महिन्यात, तोही नागपुरात.’

तुमच्याकडे येण्याआधी मी आणखी एका दुकानात गेलो होतो, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिथे दोन मिनिटं फरमार्क लावला, कार्डावर ताण देऊन बघायचा प्रोग्राम. तो केसाळ मेदूवडा पडद्यावर गरगर फिरला, तापमानाचा आकडा आला ७९, आणि ‘टेम्परेचर तो नॉर्मल है, चिप गई होगी, नया ले लो’ असं सांगून मोकळे झाले. मला ते पटलंही होतं. नेटवर बघितलेल्या सगळ्या परीक्षणांत या कार्डाचा आकडा सत्तरच्या आसपासच असतो, मग ७९ मध्ये वावगं काय?

तुम्ही मात्र पेटीला हातच लावला नाही. ड्रॉवरमधून वायरवाला थर्मामीटर काढलात, फ्रीज दुरुस्त करायच्या काळातला, आणि त्याचं टोक कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी चिकटपट्टीने लावलंत. पाच मिनिटं थांबलात. ३८.

‘नेटवरच्या आकड्याचं काय घेऊन बसला बे? ते लोक बावीस अंशात बसतात. आपण अडतीसमध्ये. आधी वजा कर, मग बोल.’

भाऊ, तीन वर्षं मी ग्राफिक्स कार्डांचे व्हिडिओ बघतोय, पण ही वजाबाकी कधी डोक्यात शिरली नव्हती. काही परदेशी परीक्षक खोलीचं तापमान वजा करूनच आकडा देतात, तेही तुमच्या बोलण्यानंतर नीट पाहिलं तेव्हा दिसलं. पंख्यांचा वेग आणि वॉट तेच असतील तर खोली जितकी अंश तापते, साधारण तितकीच चिपही वर सरकते. म्हणजे बावीस अंशात सत्तर दाखवणारं कार्ड बर्डीच्या दुपारी ८६ दाखवणार, आणि तरीही ते कार्ड ठणठणीत असू शकतं. उलट माझं ७९ खोलीच्या मानाने चांगलंच दिसत होतं. मग ते अडखळत का होतं?

तुम्ही फरमार्क लावू दिला नाहीत. ‘दोन मिनिटांत भांडं तापते, भाजी नाई शिजत.’ अर्धा तास खरा गेमच चालवायला लावलात, कारण हीटसिंक, म्हणजे कार्डाची उष्णता शोषणारं जाळीदार ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या नळ्या, पुरता तापायलाच वेळ लागतो. बाजूच्या स्क्रीनवर सगळ्या सेन्सरचे आकडे दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम उघडून ठेवलात आणि मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यावर मार्करने आकडे लिहीत गेलात. कोर, म्हणजे मुख्य चिप, ८०, म्हणजे वजा जाता ४२. हॉट स्पॉट १०२, म्हणजे ६४. मेमरी ११०, म्हणजे ७२. त्या ११० भोवती तुम्ही दोनदा गोल केलात.

मी कायम कोरचा आकडा बघत होतो. त्या दुसऱ्या दुकानानेही तेवढाच बघितला. हॉट स्पॉट म्हणजे चिपवरच्या सगळ्या सेन्सरमधला सर्वांत तापलेला, हे तुम्ही सांगितलंत. कोरमध्ये आणि त्याच्यात दहा-पंधरा अंशांचं अंतर चालतं. वीसच्या वर गेलं की पेस्ट वाळली असेल किंवा हीटसिंक नीट टेकत नसेल. आणि मेमरी! या कार्डावरच्या जीडीडीआर६एक्स मेमरीची हद्दच ११० अंशांची. तिथे पोचली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. इथेरियमचं मायनिंग मेमरीला रात्रंदिवस राबवणारं होतं, म्हणजे चिपपेक्षा मेमरीवरचे पॅडच आधी भाजून निघणार. ‘फक्त रविवारी’ची गोष्ट तिथेच संपली.

दुसरा धडा फ्रेम्सचा, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्याचा. मी तोऱ्यात सांगितलं होतं की सरासरी ७९ येते. तुम्ही म्हणालात, ‘सरासरीनं विहिरीत माणूस बुडते.’ मग फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावलात. साठ फ्रेम्सच्या हिशेबाने एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. माझ्या रेषेत मधूनच साठ-सत्तर मिलिसेकंदांचे खिळे उभे होते. सर्वांत वाईट १ टक्का फ्रेम्सचा आकडा ३८ निघाला. डोळ्याला खुपत होतं ते हेच, आणि मी त्याला गेमचा दोष समजत होतो.

मग बाजूचं झाकण काढून परत दहा मिनिटं चालवलंत. फरक जेमतेम तीन अंश. ‘पेटी बरोबर आहे. दोष कार्डाच्या पोटात आहे.’ झाकण काढून दहा-बारा अंश उतरले असते तर तुम्ही कार्ड उघडलंच नसतं, नुसते पंखे बदलायला सांगितले असते, हेही बोललात. ही साधी परीक्षा मी आता ऑफिसातल्या चौघांना शिकवली आहे.

कार्ड उघडलंत तो अर्धा तास माझ्या छातीत धडधडत होतं. गरम असतानाच स्क्रू काढले, पेस्ट मऊ असते म्हणून. चिपच्या मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे सैल. पंख्यांची ती चिमुकली कनेक्टरं चिमट्याने, आधी मोबाइलवर फोटो काढून. हीटसिंक सुटला आणि आत पॅड दिसले: मेमरीभोवती सगळीकडे तेल पाझरलेलं, बोट लावलं तर खडूसारखा भुगा. चिपवरची पेस्ट मधून सरकून कडांना गोळा झालेली. तुम्ही शिव्या नाही दिल्या, फक्त ‘अरेरे’ म्हणालात. एखाद्या आजारी जनावराला म्हणावं तसं.

पुढचं मी कुठल्याच व्हिडिओत इतकं नीट पाहिलं नव्हतं. जुन्या पॅडचा न दबलेला तुकडा शोधून तुम्ही व्हर्नियरने जाडी मोजलीत. नवे कापून लावलेत, चिपवर पेस्टचा ठिपका दिलात, स्क्रू आवळलेत, आणि परत सगळं उघडलंत! एका कोपऱ्यात पेस्ट जशीच्या तशी बसलेली होती. ‘पॅड जाड झालं. मेमरी टेकली, चिप अधांतरी.’ एका बाजूचे पॅड पातळ करून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी पेस्ट पूर्ण चौकोनभर एकसारखी पसरली, तेव्हा कुठे तुम्ही पुसून शेवटची पेस्ट लावलीत. दुसऱ्या कुणी पहिल्या वेळीच झाकण लावून दिलं असतं, आणि मला कधी कळलंही नसतं.

जाता जाता वायरही बदललीत. मी एकाच केबलला दोन तोंडं असलेली वायर लावली होती. आठ पिनच्या एका तोंडातून १५० वॉट, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५, आणि कार्ड ३२० वॉट खाणारं; दोन्ही तोंडांचा भार एकाच केबलवर येत होता. पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल ओढल्यात.

संध्याकाळी दुकान ३६ वर आलं होतं. मी लगेच ‘मेमरी ९०!’ म्हणून ओरडलो, आणि तुम्ही नुसतं थर्मामीटरकडे बोट दाखवलंत. बरोबर, वजा करायचं. कोर ७०, वजा जाता ३४. हॉट स्पॉट ८२, वजा जाता ४६. मेमरी ९०, वजा जाता ५४. खोलीच्या दोन अंशांचं श्रेय तुम्ही स्वतःच्या कामाला घेऊ दिलं नाहीत, त्याची मला फार गंमत वाटली.

व्होल्टेज कमी करायचं सुचवलंत तेव्हा मात्र मी नाक मुरडलं होतं. इतकं भारी कार्ड घेऊन त्याला लगाम का घालायचा? कार्डाचा वेग आणि व्होल्टेज ठरवायच्या आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ ठरवून दिलेत. ३२० वॉटचे साधारण २४५ झाले. फ्रेम्सची सरासरी दुरुस्तीनंतरच्या ८३ वरून ८०. आणि तो १ टक्क्याचा आकडा, जो आधी ३८ होता, तो ६४. ‘फ्रीजचा काटा फुल्लवर ठेवला की बिल वाढते, बर्फ नाई वाढत,’ म्हणालात. हे सगळ्या कार्डांना असंच्या असं लागू पडेल असं नाही, प्रत्येक चिप वेगळी. माझीने ८२५ ला दोन दिवसांत गेम बंद पाडला, तेव्हा मुकाट्याने तुमच्या आकड्यावर परत आलो.

सर्वांत लाज वाटली ती तुमच्या शेवटच्या प्रश्नाची. ‘मॉनिटर किती हर्ट्झचा?’ पंचाहत्तरचा. जुने हलके गेम खेळताना कार्ड दोन-अडीचशे फ्रेम्स काढत होतं, त्यातल्या ७५ दिसायच्या आणि बाकीच्या माझी खोली तापवायच्या. ७२ वर मर्यादा घातली. आता त्या गेममध्ये कार्डाचे पंखे बऱ्याचदा फिरतही नाहीत, आणि आईने पंपाची चौकशी बंद केली आहे.

घरची एक चूक कबूल करायची राहिली. कॅबिनेट मी कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवलं होतं, गार हवा मिळेल म्हणून. तुम्ही हीटसिंकच्या पात्यांवरचा पांढुरका थर नखाने खरवडून विचारलं होतंत, ‘हे कायचं?’ आणि मी ‘धूळ असेल’ म्हणालो. तो आमच्या बोअरच्या पाण्याचा खार होता. तुषारांबरोबर उडायचा, आणि त्यावर वाळ्याचा भुसा चिकटायचा. आता पेटी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहे. कूलर लावला की तिथे ३१ असतं, बंद केला की ३८. हो, मी पण वायरवाला थर्मामीटर घेतला. खिडकीपाशी टांगलाय. बाबा रोज सकाळी चहा घेताना तो बघतात आणि आकडा मोठ्याने वाचतात, जणू काही तो त्यांच्यासाठीच आणलाय.

जुने पॅड मी तुमच्याकडून मागून घेतले होते. काडेपेटीत ठेवलेत. सेकंडहँड कार्ड घेणाऱ्या मित्राला ते दाखवतो आणि अर्धा तास गेम चालवून तीन आकडे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं बजावतो. मायनिंगचं कार्ड म्हणून घाबरू नका, असंही सांगतो. चिप एकाच तापमानावर चालत राहिली तर फारशी झिजत नाही, पॅड आणि पंखे झिजतात, हे तुमचंच म्हणणं. मला पटलंय.

पंख्यांवरून आठवलं. तिसऱ्या पंख्याची कुरकुर तुम्ही तेलाच्या एका थेंबाने थांबवली होती आणि ‘सहा महिने काढील’ म्हणाला होतात. पाच काढले. परवापासून पुन्हा सुरू झाली आहे. शनिवारी दुपारी येतो, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. या वेळी पावतीवर नाव लिहा, आणि संत्रा बर्फी आणतोय ती परत करू नका.

तुमचा,
काळ्या पेटीवाला